कमीत कमी बळ आणि त्याचा हिशेब

पोलिसाने लाठी कधी उचलावी, गोळी कधी चालवावी आणि चालवल्यावर हिशेब कोणाला द्यावा, हा प्रश्न आम्हा घुग्घुसकरांना पुस्तकी वाटत नाही. कोळसा आणि सिमेंटच्या या गावात मोर्चाही ओळखीचा आणि बंदोबस्तही. शिवाय या प्रश्नाच्या इतिहासातली दोन पाने आमच्याच जुन्या चांदा जिल्ह्यातली आहेत.

पहिले पान चिमूरचे. १६ ऑगस्ट १९४२ रोजी तिथे मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला. भडकलेल्या जमावाने सरकारी अधिकाऱ्यांना ठार मारले. तीही हिंसाच होती, हे झाकण्याचे कारण नाही. पण नंतर आलेल्या फौजेने आणि पोलिसांनी साऱ्या गावावर सूड उगवला. स्त्रियाही सुटल्या नाहीत. सरकार चौकशी करीना, म्हणून प्रा. भणसाळी यांनी ६३ दिवस उपोषण केले. त्यांची मागणी साधी होती: काय घडले ते तपासा.

दुसरे पान देसाईगंजचे. हे गाव आज गडचिरोली जिल्ह्यात आहे. १९७२ साली तिथल्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याचे प्रकरण घडले. नागपूर खंडपीठाने दोघा पोलिसांना दोषी ठरवले, तर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, हे त्यामागचे एक कारण! १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना जाहीर पत्र लिहिले. स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतला बलात्कार हा वेगळा, गंभीर गुन्हा ठरला.

मात्र जमावावरील बळाचा कायदा फारसा हललेला नाही. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम १४९ मध्ये जमाव पांगवणाऱ्या लष्करी अधिकाऱ्याला शक्य तितके कमी बळ वापरण्याची आणि शक्य तितकी कमी इजा करण्याची सक्ती आहे. पोलिसांना अधिकार देणाऱ्या कलम १४८ मध्ये मात्र हे शब्द नाहीत. उलट कलम १५१ नुसार, या कारवाईबद्दल पोलिसावर खटला भरायचा तर आधी राज्य सरकारची परवानगी लागते.

या उणिवेची किंमत आपण मोजली आहे. ९ जानेवारी १९९३ रोजी मुंबईच्या सुलेमान उस्मान बेकरीत पोलिसांच्या गोळ्यांनी माणसे मेली. श्रीकृष्ण आयोगाने १९९८ मध्ये त्या कारवाईवर कडक ठपका ठेवला. अहवाल आला, इन्साफ आला नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशानंतर, २०१४ मध्ये महाराष्ट्राने आपल्या पोलीस कायद्यात दुरुस्ती करून राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाची तरतूद केली. कोठडीतील मृत्यू आणि गंभीर दुखापतीच्या तक्रारी तिथे नेता येतात. आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक आहे?

पोलीस हा राज्याचा विषय आहे. म्हणून दिल्लीकडे न पाहता आपल्याच विधिमंडळाकडे मागता येईल: कमीत कमी बळाचा नियम पोलिसांसाठीही कायद्यात लिहा, प्रत्येक गोळीचा लेखी हिशेब ठेवा आणि तो तपासणारा पोलीस खात्याबाहेरचा असू द्या. हे केवळ एका जमातीचे मागणे नाही. चिमूरच्या शेतकऱ्याचे, देसाईगंजच्या आदिवासी मुलीचे आणि मुंबईच्या बेकरी कामगाराचे ते एकच मागणे आहे.