आखूड पंखांचा नाकतोडा

परवा शिरोळकडे एका नातेवाइकांच्या शेतावर गेलो होतो. बांधावरच्या गवतातून एक नाकतोडा टुणकन उडाला आणि माझ्या विजारीवर येऊन बसला. पंख इतके आखूड, की पोट निम्म्याहून अधिक उघडं. नातू म्हणाला, "आजोबा, बाळ आहे ते. अजून पंख फुटायचेत."

मी गप्प झालो. हेच वाक्य मी चाळीसेक वर्षांपूर्वी वर्गात बोललो होतो.

१९८२ ची गोष्ट. शिक्षक कमी, त्यामुळे इतिहासाबरोबर विज्ञानाचा तासही माझ्याकडे. दिवाळीच्या सुट्टीनंतर सातवीतल्या एका मुलीनं काड्यापेटीतून असाच एक नाकतोडा आणला. "सर, ह्येला पंख का न्हाईत?" मी बी.ए.च्या बळावर सांगून टाकलं, "पिल्लू आहे. कात टाकली की येतील." ती म्हणाली, "पर सर, ही मातीत अंडी घालत हुती. म्या बघितलंय." वर्ग हसला. मीही हसलो. "बस खाली," म्हटलं. ती बसली.

अंडी घालणारं पिल्लू! जगात असं कुठं असतं का? पण हे माझ्या डोक्यात शिरायला निवृत्ती उजाडावी लागली. मग वाचत गेलो, आणि आपल्याच मुलखाचा एक इतिहास हाती लागला.

टोळांचा इतिहास सगळ्यांना ठाऊक असतो. १९०१ ते १९०८ या काळात 'बॉम्बे लोकस्ट' नावाच्या टोळानं पश्चिम भारतात धुमाकूळ घातला. २०२० च्या मे महिन्यात वाळवंटी टोळधाड अमरावती-नागपूरपर्यंत आली, तेव्हा ती आपण टीव्हीवर पाहिली. जे उडत येतात त्यांची बातमी होते. पण दख्खनच्या पठारावर जोंधळा फस्त करणारा एक नाकतोडा असा आहे, की ज्याला उडताच येत नाही. पंखांच्या जागी दोन बाजूंना नुसत्या बारीक पाकळ्या. तो कुठून येत नाही, कुठं जात नाही. तिथल्याच मातीत जन्मतो आणि तिथंच मरतो.

१९०८ साली लेस्ली कोलमन नावाचे कॅनडाचे शास्त्रज्ञ म्हैसूर संस्थानात नोकरीला आले. त्यांनी या किडीचा अभ्यास केला आणि १९११ साली तिच्यावर पुस्तिका लिहिली. तिच्या नावात 'जोळ' हा शब्द आहे. जोळ म्हणजे कानडीत जोंधळा, हे आम्हा सीमेजवळच्यांना सांगायला नको. शास्त्रीय नाव मात्र १९१० साली माद्रिदच्या इग्नासिओ बोलिव्हार यांनी दिलं : कोलेमानिया स्फेनारिऑइडिस. पहिला शब्द कोलमनसाहेबांवरून. दुसऱ्याचा अर्थ 'स्फेनारियमसारखा दिसणारा'. हे स्फेनारियम म्हणजे मेक्सिकोतले बिनपंखी नाकतोडे. तिथं लोक ते मीठ-लिंबू लावून, भाजून खातात. आणि योगायोग बघा. स्पेनमधलं यादवी युद्ध संपलं तेव्हा, १९३९ साली, नव्वदीला टेकलेल्या बोलिव्हारांना देश सोडावा लागला. १९४४ साली ते वारले ते मेक्सिकोत, त्या स्फेनारियमच्या गावी.

आपला दख्खनी नाकतोडा मात्र जागचा हलला नाही. संस्थानं गेली, १९५६ साली राज्यांची फेररचना झाली, १९६० साली महाराष्ट्र झाला. तो आपला महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्रच्या कोरडवाहू शिवारात तसाच. वर्षाला एकच पिढी. दिवाळीच्या आगेमागे मादी मातीत अंडी घालते, आणि मृगाचा पाऊस पडला की जूनमध्ये पिल्लं बाहेर येतात. म्हणून तर उन्हाळ्यात खोल नांगरट करायला सांगतात. अंडी वर येतात, ऊन आणि पाखरं त्यांचा निकाल लावतात. पूर्वी बी.एच.सी. पावडर धुरळायचे. १९९७ पासून तिच्यावर बंदी आहे.

आता पिल्लू आणि आखूड पंखांचा मोठा नाकतोडा यांत फरक कसा करायचा? अगदी सोपं आहे. वाढत्या पिल्लाच्या पंखांचे कोंब उलटे असतात, मागच्या पंखाचा कोंब पुढच्याच्या वर येतो. पूर्ण वाढ झालेल्यात पुढचा पंख वर आणि मागचा त्याच्याखाली झाकलेला. पण नुसत्या पंखांवरून जात ठरवू नये. भिंगाखाली डोकंही बघावं. कोलेमानियाच्या कुळात ते पुढं निमुळतं असतं आणि टोकाशी बारीक खाच असते. काही जातींत तर लांब आणि आखूड पंखांचे, असे दोन्ही नाकतोडे असतात.

नातवाला भिंग दिलं. तो बराच वेळ वाकून बघत होता. "आजोबा, पुढचा पंख वर आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे बाळ नाही. एवढाच असतो तो."

एवढाच असतो तो. किती मुलांकडे बघून मी म्हटलं असेन, अजून पंख फुटायचेत. पुण्या-मुंबईला गेली ती पुढं गेली आणि गावात राहिली ती अर्धवट राहिली, हाच माझा हिशेब होता.

ती मुलगी सातवीनंतर शाळेत आली नाही. आता पन्नाशी ओलांडली असेल. कुठं भेटली तर सांगायचंय, बाई, तुझं बरोबर होतं. तू नीट बघितलं होतंस, आणि मी तर काड्यापेटी उघडूनही पाहिली नव्हती.

असो.