समुद्रावरील पंगत

गिरणेच्या कांठीं भडगांवास राहणाऱ्या एका निवृत्त शाळामास्तरानें आगबोटींवरील भोजनगृहांविषयीं बोलावें, याचें आपणांस नवल वाटेल. समुद्र आमच्या गांवाहून सुमारें दोनशें मैलांवर. परंतु या विषयाकडे मला वळविलें तें माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें. तो सहकुटुंब मुंबईहून गोव्यापर्यंत जहाजाची सहल करून आला आणि भेटीस आला असतां म्हणाला, “गुरुजी, जहाजावरचें जेवण तिकिटांतच होतें, आणि हवें तितकें होतें. तरी पण आंत एक वेगळें उपाहारगृह होतें. तेथें बसावयाचें तर निराळे पैसे. मुलें म्हणालीं, तिकडे जाऊं. त्यांची आई म्हणाली, इकडे पोटभर मिळत असतां तिकडे कशाला? शेवटीं गेलों. जेवण चांगलें होतें. पण ते जास्त पैसे मी नेमके कशाचे दिले, हें मला अजून उमगलेलें नाहीं.”

मला त्यास तत्काळ उत्तर देतां आलें नाहीं. मास्तरकीची खोड अशी कीं, प्रश्न आजचा असला तरी मनुष्य आधीं मागच्या पानांकडे वळतो. तीं पानें चाळतांना जें आढळलें, तें आज आपणांपुढें ठेवतों.

प्रथम आजची व्यवस्था ध्यानांत घेऊं. सहलीच्या मोठ्या जहाजांवर बहुधा एक मुख्य भोजनगृह असतें, आणि आपल्या हातानें वाढून घेण्याचें एक दालन असतें. या दोहोंचा खर्च भाड्यांत धरलेला असतो. याखेरीज इटालियन, चिनी, जपानी अशा एकेका पाकपद्धतीला वाहिलेलीं लहान उपाहारगृहें असतात. त्यांपैकीं पुष्कळांत वेगळा आकार पडतो. कोठें तो माणशीं ठराविक असतो, कोठें पदार्थागणिक. बसण्याची जागा आगाऊ राखून ठेवावी लागते. आपल्याकडे २०२१ च्या सप्टेंबरांत ‘कॉर्डेलिया’ या नांवानें मुंबईहून अशा सहली सुरू झाल्या, तेव्हां त्या जहाजावर शाकाहारी व जैन भोजनाचीहि सोय ठेवण्यांत आली होती. हें शेवटचें वाक्य आज कोणास विशेष वाटणार नाहीं. परंतु या एका सोयीच्या अभावीं आपल्या वाडवडिलांनीं काय सोसलें, तें पाहिलें म्हणजे त्याचें मोल कळतें.

१८८३ सालच्या एप्रिलच्या ७ तारखेस कलकत्त्याहून ‘सिटी ऑफ कलकत्ता’ नांवाची आगबोट सुटली. तींत आनंदीबाई जोशी होत्या. वय अठरा वर्षांचें. बरोबर पति नाहीं, आप्त नाहीं. सोबतीस परक्या मिशनरी स्त्रिया. निघण्यापूर्वीं २४ फेब्रुवारीस श्रीरामपूरच्या कॉलेजांत त्यांनीं जाहीर व्याख्यान देऊन सांगितलें होतें कीं, मी हिंदु म्हणून जाईन आणि हिंदु म्हणूनच परत येईन. ही प्रतिज्ञा व्यासपीठावरून उच्चारणें एक, आणि परक्यांच्या टेबलावर प्रत्यहीं दोन वेळां पाळणें दुसरें. ४ जूनला बोट न्यूयॉर्कला लागली. म्हणजे अठ्ठावन्न दिवस. मांसान्नाच्या त्या टेबलावर आपला शाकाहार संभाळीत या मुलीनें दोन महासागर ओलांडले. त्यांच्यासाठीं वेगळें भोजनगृह तर नव्हतेंच, वेगळें ताटहि नव्हतें.

पुढें पांच वर्षांनीं, १८८८ च्या सप्टेंबरच्या ४ तारखेस, ‘क्लाइड’ आगबोटीनें मुंबईहून मोहनदास गांधी विलायतेस निघाले. मुंबईतल्या त्यांच्या जातीनें सभा भरवून त्यांस बहिष्कृत केलें होतें, आणि जो त्यांस साह्य करील किंवा पोंचवावयास धक्क्यावर जाईल त्यास सव्वा रुपया दंड ठेवला होता. बोटीवर त्यांची अवस्था कशी झाली, हें त्यांनींच आत्मकथेंत लिहून ठेवलें आहे. कांटाचमच्यांची संवय नाहीं. कोणत्या पदार्थांत मांस नाहीं हें विचारण्याचा धीर होईना. म्हणून टेबलावर न जातां ते आपल्या खोलींतच जेवीत, आणि जेवण म्हणजे मुख्यत्वें घरून आणलेली मिठाई व फळें. एक सज्जन इंग्रज उतारू त्यांस टेबलावर येण्याचा आग्रह करी, आणि पुढें बिस्केच्या उपसागरांत मांसावांचून चालणार नाहीं, असा त्यांस धाक घाली. तोच उपसागर गांधींनीं मांसावांचून पार केला. आपण हें वाचतांना त्यांच्या निश्चयाचें कौतुक करतों, तें योग्यच आहे. पण त्या खोलीचें दार लावून एकटाच जेवीत बसलेला तो अठरा वर्षांचा मुलगाहि क्षणभर डोळ्यांपुढें आणावा. त्यास उपदेशापेक्षां विश्वासानें वाढलेल्या वरणभाताची गरज अधिक होती.

समुद्रावर जी अडचण होती, तिचें मूळ जमिनीवरच होतें. १४ ऑक्टोबर १८९० रोजीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें कांहीं मंडळींना चहा-बिस्किटें देण्यांत आलीं. तींत न्यायमूर्ति रानडे होते, टिळक होते, गोखले होते. कोणी चहा घेतला, कोणी केवळ पेल्याला हात लावला. पुढें ‘पुणें वैभव’ पत्रांत त्यांचीं नांवें छापून आलीं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, आणि प्रायश्चित्ताचा वाद वर्षानुवर्षें गाजला. हें सर्व घडवून आणणारे गृहस्थ कोण? आनंदीबाईंचेच पति गोपाळराव जोशी! पत्नी परदेशांत आपलें अन्नव्रत पाळून, पदवी मिळवून, परत येऊन १८८७ सालीं वारली होती. आणि पतीनें एका चहाच्या पेल्यांत साऱ्या पुण्याची परीक्षा घेतली. पुढें त्याच टिळकांनीं १९१८ सालीं विलायतेचा प्रवास केला. अठ्ठावीस वर्षांत काळ किती पुढें गेला, हें यावरून दिसतें.

आतां याच्या अगदीं उलट चित्र पाहा. १९०२ सालीं सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणास जयपूरचे महाराज सवाई माधोसिंग यांस निमंत्रण आलें. महाराज परम आचारनिष्ठ. त्यांनीं ‘ऑलिंपिया’ नांवाची नवी कोरी आगबोट सबंधच भाड्यानें घेतली. तींत देवघर केलें, आपल्या आचारास अनुसरून स्वयंपाकघरें उभारलीं, आणि पिण्याकरितां गंगाजल चांदीच्या प्रचंड कलशांत भरून बरोबर घेतलें. एकेका कलशाचें वजन ३४५ किलो. ते आजहि जयपूरच्या राजवाड्यांत पाहावयास मिळतात. मे महिन्यांत मुंबईच्या बंदरांतून ही स्वारी निघाली. ज्या मुंबईंत गांधींना पोंचवावयास जाणाऱ्यास सव्वा रुपया दंड सांगितला गेला, तिच्याच धक्क्यावरून हे कलश जहाजावर चढले. शास्त्र दोघांनाहि एकच होतें. मात्र ज्याच्यापाशीं सबंध जहाज घेण्याइतकें द्रव्य, त्यालाच तें निर्विघ्न सांभाळतां येत होतें.

येथवर आपल्याकडची हकीकत झाली. पैसे देऊन वेगळें बसण्याची जी रीत माझ्या विद्यार्थ्यास आढळली, तिचा उगम मात्र पश्चिमेकडे आहे. १९०५ सालीं हांबुर्ग-अमेरिका कंपनीनें ‘अमेरिका’ नांवाचें जहाज समुद्रांत सोडलें. त्या कंपनीचे चालक आल्बर्ट बालिन यांस लंडनच्या कार्लटन हॉटेलांतील भोजनगृह फार आवडलें होतें. तेथील विख्यात व्यवस्थापक सेझार रिट्झ व पाकशास्त्री एस्कॉफिए यांच्या साह्यानें त्यांनीं जहाजावर तसेंच एक उपाहारगृह थाटलें. यादींतून पदार्थ निवडावे, वाटेल त्या वेळीं जेवावें आणि त्याचे दाम वेगळे द्यावे, अशी ती व्यवस्था. तोंवर पहिल्या वर्गाच्या उतारूंनाहि ठराविक घंटेला एकत्र बसून ठराविक जेवण घ्यावें लागे.

‘टायटॅनिक’वरहि असें उपाहारगृह होतें. तें चालविण्याचा मक्ता लुइजी गत्ती नांवाच्या इटालियन गृहस्थाकडे होता. १४ एप्रिल १९१२ च्या रात्रीं, जहाज हिमनगावर आदळण्याच्या कांहीं तास आधीं, एका धनाढ्य अमेरिकन कुटुंबानें कप्तान स्मिथ यांस येथेंच मेजवानी दिली होती. येथील नोकर जहाज-कंपनीचे नव्हते, गत्तीचे होते. ते साठांहून अधिक होते; त्यांपैकीं वांचले केवळ तिघे: हिशेब ठेवणाऱ्या दोन स्त्रिया आणि एक कारकून. गत्ती स्वतःहि बुडाला. त्या उपाहारगृहाच्या नक्षीकामाचीं वर्णनें पुष्कळ वाचावयास मिळतात. वाढप्यांचा हा हिशेबहि त्यांच्याच शेजारीं मांडून ठेवावा, असें मला वाटतें.

पुढें १९३६ सालीं ‘क्वीन मेरी’ जहाजावर ‘व्हरांडा ग्रिल’ नांवाचें उपाहारगृह निघालें. पहिल्या वर्गाच्या उतारूंसाठीं प्रशस्त मुख्य भोजनगृह असतांहि तेथें जास्त पैसे देऊन जाण्यांत प्रतिष्ठा मानीत. आजच्या सहलीच्या जहाजांवरील खास उपाहारगृहें हीं याच घराण्यांतलीं. मात्र एक फरक महत्त्वाचा आहे. त्या काळीं दार उघडण्यास पहिल्या वर्गाचें तिकीट लागे. आज कोणत्याहि खोलींतला उतारू तेवढे पैसे देऊन तेथें बसूं शकतो.

जेवणाऱ्यांविषयीं इतकें बोललों. रांधणाऱ्यांविषयीं न बोलणें कृतघ्नपणाचें होईल. पी. अँड ओ. आदि कंपन्यांच्या जहाजांवर मुदपाकखान्यांत व टेबलांवर गोव्याची मंडळी मोठ्या संख्येनें असत. मुंबईंत धोबीतलावाच्या आसपास त्यांचे ‘कूड’ होते. गांवागांवाच्या नांवानें चालविलेल्या या बिऱ्हाडांत दोन सफरींच्या मधले दिवस ते काढीत. खलाशांसाठीं रांधणारा निराळा असे, त्यास ‘भंडारी’ म्हणत. साहेबासाठीं सात सात पदार्थ वाढणारा गोव्याचा मनुष्य स्वतः जेवी तें खालच्या मजल्यावर, काम आटोपल्यानंतर. पूर्व आफ्रिकेकडे जाणाऱ्या बोटींत डेकवरच्या हजारों उतारूंसाठीं हिंदूंची व मुसलमानांची स्वयंपाकाची सोय वेगवेगळी असे. एकाच जहाजांत किती पंगती बसत, हें यावरून ध्यानांत यावें.

आतां तुलना करूं. समुद्रावरील ‘वेगळें जेवण’ हें दिसावयास एक असलें तरी त्यांत तीन निरनिराळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. पहिली गरज. आनंदीबाईंना वा तरुण गांधींना जें मिळावयास हवें होतें आणि मिळालें नाहीं, तें या प्रकारांत मोडतें. येथें वेगळेपणा ही माणुसकी आहे, आणि तिचे जास्त पैसे कोणी घेऊं नयेत. दुसरी रुचि. खापरावरचे मांडे हे रोजच्या भाकरीच्या तव्यावर होत नाहींत. त्यांस वेगळा हात लागतो, वेगळा वेळ लागतो. जपानी वा इटालियन पदार्थ निष्णात मनुष्याच्या हातून, थोडक्याच लोकांसाठीं करवून घ्यावयाचे तर त्या श्रमाचा मोबदला देणें रास्त आहे. तिसरी गोष्ट म्हणजे मोठेपणा. पदार्थ तोच, पण शेजारीं कोण बसलें आहे आणि कोण बसलेलें नाहीं, याचेच पैसे. पूर्वीं ही रेषा जात ओढीत असे, आतां पैसा ओढतो.

ही तिसरी गोष्ट आपण समुद्रावर शोधावयास जाण्याचें कारण नाहीं. मी लहान असतां एका गांवच्या भंडाऱ्यास गेलों होतों. भरीत एकाच कढईंतलें, कळण्याच्या भाकरी एकाच चुलीवरच्या. परंतु पंगती तीन. भरिताचीं वांगीं ज्यांनीं पहांटे उठून भाजलीं होतीं, ते शेवटच्या पंगतीस, ओट्याच्या खालीं बसले. माझ्या बरोबरीचा एक मुलगा त्यांत होता. शाळेंत आम्ही एका पाटावर बसत असूं. त्या दिवशीं त्यानें माझ्याकडे पाहिलें नाहीं, आणि मीहि उठून त्याच्याकडे गेलों नाहीं. पुढें चाळीस वर्षें मुलांना समता शिकवितांना त्या ओट्याची मला नेहमीं आठवण होई.

१९३३ सालीं रत्नागिरीस सावरकरांच्या पुढाकारानें ‘अखिल हिंदु उपहारगृह’ निघालें, तेव्हां कोणाच्याहि हातचा चहा कोणींहि घ्यावा, एवढ्यासाठींहि स्वतंत्र दुकान मांडावें लागलें. आज आपल्या खानदेशांतील लग्नांत शेवभाजीचें एक टेबल, वरण-बट्टीचें दुसरें, चिनी पदार्थांचें तिसरें, आणि सारे हातांत ताटें घेऊन एकाच रांगेंत उभे. रुचीचें वेगळेपण राहिलें, जातीची पंगत पुष्कळशी मोडली. ही सुधारणा लहान नव्हे. परंतु त्याच मांडवांत कनात लावून ‘खास पाहुण्यांसाठीं’ म्हणून एक कोपरा आढळतो, तेव्हां ओटा पुन्हां उभा राहिला असें मनांत येतें.

माझ्या विद्यार्थ्यास मी कळविलें तें असें: “तूं दिलेल्या पैशांत कांहीं भाग स्वयंपाक्याच्या कौशल्याचा होता, तो गेला याची खंत करूं नको. कांहीं भाग वेगळें बसण्याचा होता; तो किती, हें तुझें तुलाच ठाऊक. पुन्हां जाशील तेव्हां मुलांना त्या उपाहारगृहांत अवश्य ने. मात्र वाढणाऱ्याला त्याचें नांव व गांव विचार, आणि आपल्याच देशांतून अठरा वर्षांची एक मुलगी अठ्ठावन्न दिवस परक्या टेबलावर कशी जेवली, तें जेवतां जेवतां त्यांना सांग.”

त्याचें उत्तर आलें आहे. तो लिहितो, “गुरुजी, वाढणारा मुलगा गोव्याचाच होता, पण त्याचें नांव विचारावयाचें राहून गेलें.”