काचेच्या कुंडांतील थंडावा

काचेच्या कुंडांत मासे पाळण्याचा छंद मनुष्यास लागला, तेव्हांपासून एक काळजीही त्याच्यामागें लागली. ती म्हणजे पाणी तापण्याची. नदींतला मासा ऊन वाढलें कीं डोहाच्या तळाशीं जातो. काचेच्या कुंडास तळ असतो, पण डोह नसतो. शिवाय हें संकट दुहेरी आहे. २० अंश उष्णमानाच्या एक लिटर पाण्यांत हवेंतील प्राणवायु सुमारें ९ मिलिग्रॅम विरघळूं शकतो. तेंच पाणी ३० अंशांवर गेलें म्हणजे तें प्रमाण साडेसातांवर येतें. उलटपक्षीं, उष्णता वाढली कीं माशाचा श्वासोच्छ्वास जलद होऊन त्यास प्राणवायु अधिक लागतो. जमा घटते आणि त्याच वेळीं खर्च वाढतो. असा मासा पाण्याच्या पृष्ठभागाशीं येऊन तोंडाची उघडझाप करूं लागतो. पुष्कळांस तें भुकेचें लक्षण वाटतें व ते आणखी अन्न टाकतात. तें अन्न कुजतांना उरलासुरला प्राणवायुही संपवितें.

लंडन येथील अपॉथेकरीज हॉलमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन ह्यानें १८४९ सालीं दोन सोनेरी मासे व एक पाणवनस्पती एका भांड्यांत ठेवली. पुढें कुजकीं पानें खाण्यासाठीं त्यानें त्यांत गोगलगाई सोडल्या. पाणी न बदलतां हे जीव व ती वनस्पती एकमेकांस जगवितात, असें त्यानें १८५० सालीं प्रसिद्ध केलें. वनस्पतीस उजेड हवा म्हणून कुंड खिडकींत आलें, आणि खिडकींत ऊन आलें! १८५३ सालीं रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयांत उघडलेलें मत्स्यगृहही लोखंड व काच ह्यांचेंच होतें. पुढच्याच वर्षीं फिलिप हेन्री गॉस ह्याचा मत्स्यकुंडावरील ग्रंथ निघाला आणि इंग्लंडांतील सुखवस्तु घरांच्या बैठकींत हीं कुंडें शोभेस येऊन बसलीं. बहुतेकांचें पाणी हिरवें झालें, कांहींचें तापलें, आणि कित्येकांचा उत्साह त्या पाण्याबरोबरच ओतून दिला गेला.

ह्या अपयशाचें कारण ज्यानें नीट ओळखलें तो विल्यम ऑल्फर्ड लॉइड हा विद्यापीठांतला पंडित नव्हता. लंडनमध्यें मत्स्यकुंडें व समुद्रांतील जीव विकणारा तो दुकानदार होता. पाण्यास उजेड थोडा हवा, गति पुष्कळ हवी, आणि दिसणाऱ्या पाण्याच्या मागें न दिसणारें, अंधारांतलें थंड पाणी कैक पटींनीं अधिक हवें, हें त्याचें सूत्र होतें. लहान कुंडांसाठींही तिरप्या पाठीची एक रचना त्या काळांत निघाली होती; त्या पाठीमागच्या काळोख्या कप्प्यांतलें पाणी पुढच्या पाण्याशीं मिसळत राही. लॉइडनें हें तत्त्व मोठ्या प्रमाणावर १८६४ सालीं हँबर्ग येथें आणि १८७१ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथें योजिलें. जमिनीखालीं विस्तीर्ण अंधारें टाकें बांधून त्यांतलें समुद्राचें पाणी वाफेच्या पंपानें अहोरात्र वरच्या कुंडांतून फिरविलें जात असे. त्यांत बर्फही नव्हता आणि शीतयंत्रही नव्हतें. भूमीचा थंडावा तेवढा त्यानें वापरला. आज घरच्या कुंडामागें गाळणीची पेटी लावून तिच्याच वाटेंत पाणी थंड करण्याची जी युक्ति करतात, तिचें मूळ ह्या टाक्यांत शोधणेंच योग्य होय.

ह्या युक्तींत हल्लीं जी विजेची पट्टी वापरतात, तिचा इतिहास याहूनही जुना आहे. घड्याळांचा धंदा सोडून पदार्थविज्ञानाकडे वळलेला झां पेल्टिये ह्या फ्रेंच गृहस्थास १८३४ सालीं आढळलें कीं, दोन भिन्न धातूंच्या सांध्यांतून वीज वाहूं दिली असतां तो सांधा एका दिशेनें तापतो व दुसऱ्या दिशेनें थंड होतो. त्याचा अर्थ त्यास पुरता उलगडला नाहीं. १८३८ सालीं लेन्झ ह्यानें बिस्मथ व अँटिमनी ह्यांच्या सांध्यावर पाण्याचा थेंब ठेवून तो गोठविला आणि प्रवाह उलटा करून वितळवून दाखविला. पण त्या धातूंतून उष्णता मागच्या वाटेनें परत येई. त्यामुळें ही करामत शंभराहून अधिक वर्षें प्रयोगशाळेंतच राहिली. १९५४ सालीं गोल्डस्मिड ह्यानें बिस्मथ टेलुराइड ह्या अर्धवाहकाचा उपयोग दाखविला, तेव्हां कोठें ती व्यवहारांत आली. आज चार सेंटिमीटर लांब व तितक्याच रुंद पट्टींत असे १२७ जोड बसवितात. गाळणींतून परतणारें पाणी तिच्या थंड बाजूस लागलेल्या पोकळ ठोकळ्यांतून नेतात, आणि गरम बाजूस धातूच्या पातळ पात्यांचा ठोकळा व पंखा लावतात.

ऐकावयास हें फार सुबक वाटतें. परंतु हिशेब पाहिला असतां साध्या पंख्याचें पारडें जड ठरतें. एक लिटर पाणी वाफ होऊन जातांना सुमारें ५८० किलोकॅलरी उष्णता नेतें. कुंडावर लहानसा पंखा वाहता ठेवल्यानें दिवसाकाठीं एक लिटर पाणी आटलें, तर तो अखंड २८ वॉटांचा थंडावा झाला. पंख्यास स्वतःस मात्र दोनचार वॉट पुरतात. तितकाच थंडावा पट्टीकडून मिळवावयाचा तर साधारणतः दुप्पट वीज खर्ची पडते, आणि ती सारी उष्णता त्याच खोलींत उतरते. आपल्याकडे रांजणाचें व माठाचें पाणी ज्या नियमानें गार होतें तोच हा नियम. वाळ्याच्या पडद्यांवर पाणी मारणाऱ्या वैदर्भीयांस तो सांगावयास नको. नागपुरास वैशाखांत पंखा उत्तम चालतो. मुंबईस हवाच ओली असल्यामुळें त्याचें बळ दोनतीन अंशांतच संपतें. पंख्यानें आटलेल्या पाण्याची भर क्षार नसलेल्या पाण्यानेंच घालावी लागते, नाहीं तर क्षार दाटत जातात. मेक्सिकोंतील सोचिमिल्कोच्या थंड जलाशयांतला ॲक्झोलोटल पाळणाऱ्यास पाणी २० अंशांच्या आंत हवें असतें. कोंकणपट्टींत त्याचें काम पंख्यावर भागत नाहीं, आणि अशा ठिकाणीं पट्टीस खरी जागा आहे.

मात्र ती लावतांना चूक झाली तर किंमत मासे मोजतात. ॲल्युमिनियमचा ठोकळा खाऱ्या पाण्यांत झिजतो. तांब्याचा अंश झिंगे व गोगलगाई ह्यांस विष होतो. पाणी काच, टायटॅनियम किंवा योग्य प्लॅस्टिक ह्यांसच लागलेलें बरें. गाळणीचा पंप थांबला आणि पट्टी चालू राहिली तर ठोकळ्यांतलें पाणी गोठूं लागतें. गरम बाजूचा पंखा थांबला तर अनर्थ उलट दिशेनें होतो: सांचलेली उष्णता पट्टींतून पाण्याकडे परतते आणि थंडाव्यासाठीं लावलेलें उपकरण पाणी तापवूं लागतें. म्हणून जाणते लोक पंप व पंखा आधीं सुरू करतात, ते फिरत असल्याचें पाहतात, आणि मगच पट्टीस वीज देतात. बंद करतांना क्रम उलटा: आधीं पट्टी, कांहीं मिनिटांनीं पंखा. पंप मात्र चालूच ठेवावयाचा, कारण गाळणींतले सूक्ष्म जंतूही त्याच वाहत्या पाण्यावर जगत असतात.