किरकोळ चुकीची कुळकथा

प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याचा पहिला हंगाम 1950-51 साली झाला, तेव्हा ऊसबिलाचे हिशेब हातानेच मांडले जात. आता अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सभासदाचे पैसे फाइलीतली एक ओळ होऊन बँकेकडे जातात. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर 15 टक्के व्याज. अशा वेळी बँकशाखेच्या एका चुकलेल्या सांकेतिक क्रमांकापायी, म्हणजे आयएफएससीपायी, सगळी फाइल अडली, तर सुक्याबरोबर ओलेही जळते.

चुकांची प्रतवारी करण्याची रीत मात्र जुनी आहे. आयआयटी कानपूरहून एमआयटीत गेलेल्या अभय भूषण यांनी 16 एप्रिल 1971 रोजी फाइल पाठवण्याचा पहिला नियमसंच, एफटीपी, मांडला. पुढे 1974 मध्ये जॉन पोस्टेल यांनी त्याच्या उत्तरांचे तीन अंकी आकडे नीट लावून दिले. पहिला अंक 4 असेल तर अडचण तात्पुरती, थोड्या वेळाने पुन्हा पाठवा. 5 असेल तर तीच मागणी पुन्हा करून उपयोग नाही. फाइल दुसऱ्या कामात गुंतली असेल तर 450, ती जागेवरच नसेल तर 550. पाठवणाऱ्या यंत्राने थांबावे की हात टेकावेत, हे त्या एका अंकावरून कळू लागले.

1996 मध्ये ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी फाइलींच्या नकला जुळवून ठेवणारे आरसिंक आणले. त्यातही प्रतवारी आहे. काही फाइली चुकीमुळे राहिल्या तर काम संपताना 23 हा आकडा मिळतो. यादी केल्यावर नकलेची पाळी येईपर्यंत एखादी फाइल कुणी पुसली असेल तर 24. चालत्या सर्व्हरवर तात्पुरत्या फाइली येतात-जातात, म्हणून 24 बहुधा सोडून देता येतो. पण त्याच्या त्रासाला कंटाळून सगळेच आकडे दाबून टाकले, तर डिस्क भरल्याचेही कळत नाही.

नोव्हेंबर 2005 पासूनच्या एनईएफटीत, म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवण्याच्या सोयीत, हाच विवेक पैशांना लागू झाला. जी रक्कम खात्यात जमा होऊ शकत नाही तेवढीच परत फिरते, तीही त्या बॅचच्या हिशेबानंतर दोन तासांत. बाकीच्यांचे पैसे पोचतात. 1 एप्रिल 2020 च्या बँक विलीनीकरणानंतर अनेक शाखांचे आयएफएससी बदलले, तेव्हा या सोयीचे मोल कळले.

तरीही परतीची यादी वाचणारा माणूस लागतोच. तात्पुरत्या चुकीची ओळ ठरावीक वेळा पुन्हा पाठवून पाहावी, कायमच्या चुकीची बाजूला काढावी, आणि बाजूला काढलेली प्रत्येक ओळ कारणासकट कुणाच्या तरी नावावर टाकावी. यंत्राच्या लेखी किरकोळ असलेली ती ओळ एका घराचे वर्षाचे ऊसबिल असू शकते.