आणे ते वसई : शेजारच्या धर्मग्रामाची गोष्ट

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला सांगितलं, "काका, तुम्ही जुने, इतिहासावर काहीतरी लिहा." सोसायटीचा इतिहास मिनिट बुकात आहेच. मी त्याऐवजी आपल्या शेजाऱ्यांच्या इतिहासावर लिहायचं ठरवलं. गेली पंचवीस वर्षं ज्यांच्या चर्चच्या घंटेवर आपण सकाळचा चहा ठेवतो, त्या वसईच्या ख्रिस्ती लोकांवर. मी धर्मपंडित नाही, बँकेत नोकरी केलेला माणूस आहे. पाहिलं, वाचलं, विचारलं, तेवढंच सांगतो.

आधी माझं गाव. जुन्नर तालुक्याच्या पूर्व टोकाला, कल्याण-नगर रस्त्यावरचा घाट चढून गेलं की आणे लागतं. पठार कोरडं, पाऊस बेभरवशाचा. पण गावाची ओळख विचाराल तर रंगदास स्वामींची पुण्यतिथी आणि तिथली आमटी-भाकरी. लहानपणी मला देव कोणी समजावून सांगितला नाही. कीर्तनात आजोबांच्या मांडीवर पेंगत बसलो, हरिपाठ कानावर पडून पाठ झाला, पंगतीत वाढायला उभा राहिलो. भक्ती अशीच अंगात भिनली. माझी समजूत होती की हे फक्त आपल्याकडे असतं.

ती समजूत पहिल्यांदा हलली ती श्रीरामपूर भागात बदली झाली तेव्हा. तिथे हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते. १९४९ पासून ती चालू आहे. पवित्र मारियेच्या जन्मदिनाच्या सुमारास नगर, नाशिक, औरंगाबादकडची माणसं येतात, कित्येक जण पायी. कपाळाला बुक्का नाही, पण चाल तीच. 'माउली' हा शब्द कानावर पडला आणि मी काउंटर सोडून दारात येऊन उभा राहिलो. आळंदीचा शब्द इथे मारियेसाठी!

पुढे वसईला बदली झाली आणि इथेच स्थायिक झालो.

इथला इतिहास थोडक्यात असा. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. त्यानंतर मिशनरी आले, चर्च उभी राहिली. त्या काळात सगळं प्रेमाने झालं असं म्हणणं खोटं ठरेल. सत्तेचा जोर होता, देवळं पडली, हे नाकारता येत नाही. पण त्याच वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया फ्रान्सिस्कन बंधू म्हणून जपानला गेला आणि १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मारला गेला. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळालं. मग १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसईचा किल्ला घेतला. आपण शाळेत इथवर शिकतो आणि धडा संपतो.

मला प्रश्न पडला तो यापुढचा. पोर्तुगीज गेले, युरोपीय पाद्री गेले, आश्रय देणारं राज्य गेलं. मग श्रद्धा का गेली नाही? जोरावर आलेली गोष्ट जोर संपल्यावर उतरायला हवी होती. वाड्यांतल्या शेतकऱ्यांना तर कुठे जायचंच नव्हतं. ते राहिले आणि त्यांनी चर्चही राखलं. माझ्या मते याचं उत्तर किल्ल्यात सापडत नाही, ते घरात आणि भाषेत आहे.

भाषेचं उदाहरण आपल्या मराठीतच आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला. त्याचं 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं. ख्रिस्ताची कथा, पण ओवीत, आणि सुमारे अकरा हजार ओव्या! लिपी रोमन, भाषा मराठी. नव्या ख्रिस्ती लोकांची जुनी पुराणं सुटली होती, पण पुराण ऐकायची सवय सुटली नव्हती. स्टीफन्सने ती सवय ओळखली. आमच्या आण्याच्या कीर्तनकाराला हे लगेच पटलं असतं.

मिस्सा मात्र शतकानुशतकं लॅटिनमध्ये होती. १९६२ ते १९६५ या काळात रोमला दुसरी व्हॅटिकन धर्मसभा भरली आणि लोकांच्या भाषेत उपासना करण्याची वाट मोकळी झाली. शेजारच्या वाडीतल्या मावशी मला म्हणाल्या होत्या, "आधी आम्ही फादरांची पाठ बघायचो न् जपमाळ ओढायचो. मग फादर आमच्याकडे तोंड करून मराठीत बोलायला लागले. माझी आई त्या दिवशी रडली."

आता रोजचं. कॅथलिक लोक आपल्या चर्चच्या हद्दीतल्या वस्तीला 'धर्मग्राम' म्हणतात. शब्द फार नेमका आहे. मूल जन्मलं की स्नानसंस्कार, त्याची नोंद चर्चच्या वहीत. आठ-दहा वर्षांचं झालं की प्रथम ख्रिस्तशरीर, त्याआधी धर्मशिक्षणाचे वर्ग. पुढे दृढीकरण. लग्न तिथेच, मातीही तिथेच. रविवारच्या वर्गाला शिकवणारे बहुतेक आपल्यासारखेच लोक असतात, कोणी शिक्षिका, कोणी नोकरदार. त्यांना पगार नसतो. आमच्या जिन्यातल्या मुलीला मी एकदा विचारलं, "रविवारची झोप मोडून कशाला जातेस शिकवायला?" ती म्हणाली, "काका, मला कोणीतरी शिकवलं होतं ना!"

चर्चच्या वह्यांचं तर मला भारी कौतुक. ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ मध्ये अशा नोंदी ठेवण्याचा दंडक घातला. आम्ही बँकवाले आत्ता कुठे केवायसी शिकलो!

बँकेचं निघालंच आहे तर सांगतो. १९१८ मध्ये पापडीला मॉन्सिन्यॉर मोनिस या धर्मगुरूंच्या पुढाकाराने पतसंस्था सुरू झाली, तीच आजची बॅसीन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक. सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ चा, म्हणजे सगळं नवंच होतं. एका धर्मगुरूने यात का पडावं? पानवेल, केळी, भाजी पिकवणारा शेतकरी सावकाराच्या वहीत अडकला, तर रविवारी त्याचं मन प्रार्थनेत कसं लागणार? कर्ज देताना आम्ही दोन गोष्टी बघायचो, माणसाची ऐपत आणि माणसाची नियत. ऐपत कागदावर दिसते. नियत फक्त शेजाऱ्यांना माहीत असते. जिथे दर रविवारी सगळं गाव एका छताखाली भेटतं, तिथे सहकार रुजतो, हे मी धंद्याच्या अनुभवाने सांगतो.

याच एकजुटीचं दुसरं रूप १९९० च्या आसपास दिसलं. वसईची हिरवी जमीन बांधकामाला खुली होऊ लागली तेव्हा 'हरित वसई संरक्षण समिती' उभी राहिली. पुढे होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो, 'सुवार्ता' मासिकाचे संपादक. २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले आणि २०२४ मध्ये गेले. सर्व धर्मांचे लोक त्या लढ्यात होते. लढा विहिरींसाठी, झाडांसाठी, वाड्यांसाठी होता. ज्या येणाऱ्या इमारतींची त्यांना धास्ती वाटत होती, त्यांतलीच एक आपली आहे. आपल्या पार्किंगखाली वाडीची विहीर आहे, जुन्या सभासदांना ठाऊक असेल. रौप्यमहोत्सवात हे लिहू नये असं कोणाला वाटेल. मला वाटतं, इथेच लिहावं.

आणि माझी एक चूकही. गेटाच्या कोपऱ्यावरचा जुना क्रूस सगळ्यांनी पाहिला आहे. काही वर्षांपूर्वी तो हलवून पार्किंग वाढवायचं सभेत निघालं. मी तेव्हा खजिनदार होतो. खर्चाचं अंदाजपत्रक मीच केलं, दोन गाड्यांची जागा निघत होती. हिशोब बिनचूक होता. त्याच आठवड्यात मे महिन्याच्या प्रार्थनेसाठी वाडीतले लोक क्रुसाजवळ जमले. पुढे म्हाताऱ्या, मागे मुलं, हातात मेणबत्त्या. मावशी माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "साहेब, तुमची गाडी जरा मागे घ्याल का? अर्धा तासच." हलवाहलवीचं त्यांच्या कानावर गेलं होतं की नाही, मला आजही माहीत नाही. मी गाडी मागे घेतली आणि तिथेच उभा राहिलो. एक लहान मुलगा आजीच्या पदराला धरून पेंगत होता, ओठ मात्र हलत होते. मला आण्याचं कीर्तन आठवलं. पुढच्या सभेत मी माझं अंदाजपत्रक मागे घेतलं आणि तो विषय तिथेच संपला.

मावशी आता नाहीत. त्यांच्या मातीला आपल्या सोसायटीतून अकरा जण गेलो होतो. वाडीतल्या लोकांनी आम्हाला पुढे बोलावून उभं केलं.

हल्ली आण्याला गेलो की गावातली निम्मी घरं मुंबई-पुण्याला गेलेली दिसतात. पण पुण्यतिथीला सगळे परत येतात, भाकऱ्यांच्या चळती लागतात, आमटीचा वास रस्त्यापर्यंत येतो. श्रद्धा टिकते ती अशी, एकत्र जमण्याने आणि पुढच्याला हाताला धरून आणण्याने. चर्च काय, सप्ताह काय, आणि आपली सोसायटी तरी काय!

लवकरच पुनर्विकासाची बोलणी सुरू होतील. नकाशा काढणाऱ्याला कोपऱ्यावरचा क्रूस आणि पार्किंगखालची विहीर या दोन गोष्टी आधी दाखवाव्यात, एवढीच या जुन्या खजिनदाराची नव्या कार्यकारिणीला विनंती. सर्व सभासदांना रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा!