शंकेची पाल आणि हार्ड डिस्क

मंडळी, आपल्या भाषेत मनातल्या शंकेला सुद्धा आवाज आहे. ती 'चुकचुकते'. भिंतीवरची पाल चुकचुकली की आजी बोटाने जमिनीवर टकटक करून "कृष्ण कृष्ण" म्हणायची, नि पुढच्या कामाला लागायची. लॅपटॉपच्या पोटातून तसाच टिक... टिक... टिक आवाज यायला लागला की काय करायचं, हे मात्र आजीने सांगून ठेवलेलं नाही! घरातला 'कॉम्प्युटरवाला' म्हणून हा प्रश्न मला वर्षानुवर्षं विचारला जातोय. उत्तर शोधता शोधता मी हार्ड डिस्कच्या इतिहासात शिरलो. फार गंमतीचा इतिहास आहे, आणि थोडा गंभीरही.

सुरुवात १९५६ सालची. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे गावात रेनॉल्ड जॉन्सन यांच्या चमूने आयबीएमसाठी 'रॅमॅक' या यंत्राची डिस्क बनवली. २४ इंच व्यासाच्या ५० थाळ्या एकावर एक, मिनिटाला १२०० फेरे, वजन टनाच्या वर. आणि मावायचं किती? ५० लाख अक्षरं! आज मोबाईलवर काढलेला एखादा फोटो सुद्धा त्यात बसायचा नाही. वाचणारं हेड थाळीला टेकू नये म्हणून त्यात दाबाची हवा सोडावी लागे. म्हणजे हार्ड डिस्कचं मूळ भय पहिल्या दिवसापासून तेच आहे. हेड आणि थाळी एकमेकांच्या अगदी जवळ हवीत, पण त्यांची गाठ पडता कामा नये.

१९७३ साली आयबीएमने 'विंचेस्टर' नावाने ओळखली जाणारी रचना आणली. थाळ्या आणि हेड एकाच बंद पेटीत गेले. धुळीचा त्रास कमी झाला, जागा वाचली. पुढे पेट्या लहान लहान होत गेल्या आणि १९८८ मध्ये अडीच इंची डिस्क आली, तीच लॅपटॉपमध्ये शिरली. आता हेड थाळीच्या वर काही नॅनोमीटरवर तरंगतं. केसाची जाडी त्याच्यापुढे डोंगर! आणि असलं नाजूक यंत्र आपण मांडीवर घेऊन बसतो, एस.टी.त उघडतो, पलंगावर आपटतो. २००३ मध्ये आयबीएमने थिंकपॅडमध्ये धक्का ओळखणारा सेन्सर बसवला, की लॅपटॉप पडतोय असं कळताच हेड बाजूला घ्यावं. यावरूनच समजा, काळजी किती होती ते.

पण पेटी बंद झाल्याने एक गोष्ट झाली. आत काय चाललंय ते दिसेनासं झालं. उरले फक्त कान.

तो टिक टिक आवाज म्हणजे काय? थाळीवर कारखान्यातच खुणा कोरलेल्या असतात, रस्त्यावरच्या मैलाच्या दगडांसारख्या. हेडला त्या सापडल्या नाहीत की ते मूळ जागी परत येतं, पुन्हा निघतं, पुन्हा चुकतं. वाट हरवलेला माणूस चौकात परत परत येतो तसं. २००० साली आलेल्या आयबीएमच्या 'डेस्कस्टार ७५जीएक्सपी' डिस्का या आवाजासाठी इतक्या बदनाम झाल्या की लोकांनी त्यांचं नाव 'डेथस्टार' पाडलं, आणि २००१ मध्ये अमेरिकेत प्रकरण कोर्टात गेलं.

कानावर किती विसंबायचं? म्हणून डिस्कनेच आपली तब्येत सांगावी अशी कल्पना निघाली. १९९२ मध्ये आयबीएमने, १९९५ मध्ये कॉम्पॅकने तसा प्रयत्न केला आणि त्यातून 'स्मार्ट' नावाची सर्वमान्य पद्धत तयार झाली. डिस्क स्वतःची नोंदवही ठेवते: किती तास चालले, तापमान किती, किती जागा खराब झाल्या. एखादी जागा खराब झाली की डिस्क तिथला मजकूर राखीव जागेत हलवते आणि गुपचूप पुढे जाते. आपल्याला दिसतं ते एवढंच, की फाईल उघडायला वेळ लागतोय. बिचारी आत दहादा तेच वाचत असते!

मग २००७ साल उजाडलं. त्याच सॅन होजे गावात एका परिषदेत दोन अभ्यास मांडले गेले. गूगलच्या तिघा संशोधकांनी एक लाखाहून जास्त डिस्का तपासल्या होत्या. पृष्ठभाग तपासताना पहिली चूक सापडली, की पुढच्या ६० दिवसांत ती डिस्क जाण्याची शक्यता ३९ पट! म्हणजे इशारा खरा असतो. पण दुसरा आकडा वाचून मी गप्प झालो. मेलेल्या डिस्कांपैकी ५६ टक्के डिस्कांनी सर्वांत भरवशाच्या चार खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या अभ्यासाने तर कंपन्यांच्या '१० लाख तास' या दाव्यालाच हात घातला. १० लाख तास म्हणजे ११४ वर्षं हो! प्रत्यक्षात वर्षाला २ ते ४ टक्के डिस्का बदलाव्या लागत होत्या, काही ठिकाणी १३ टक्क्यांपर्यंत.

या डिस्का सर्व्हरमधल्या, लॅपटॉपमधल्या नव्हेत, हे खरं. पण अर्थ तोच. पाल चुकचुकली तर ऐकावं. नाही चुकचुकली म्हणून निर्धास्त राहू नये.

आमच्या मामांचंच सांगतो. बारा वर्षं खपून त्यांनी घराण्याचा कुळवृत्तांत लॅपटॉपवर टाईप केला. एकदा फोनवर सहज म्हणाले, "अरे, हल्ली फाईल उघडेपर्यंत चहा होतो माझा." मी म्हटलं, "मामा, आता मशीन बंद करा, मी येतोय." आधी कुळवृत्तांत बाहेर काढला. डिफ्रॅग नाही, लांबलचक तपासणी नाही. मरणपंथाला लागलेल्याला धावायला लावू नये. मग मोडी कागदांचे फोटो घ्यायला लागलो. निम्मे आले आणि टिक टिक सुरू झाली. उरलेले गेले ते गेलेच. मूळ कागद वाळवीने केव्हाच खाल्ले होते. एका आख्ख्या शाखेचा पुरावा आता मामांच्या आठवणीपुरता उरलाय, आणि मामा आहेत ८१ वर्षांचे.

आता नव्या लॅपटॉपमध्ये बहुतेक एसएसडी असते. थाळी नाही, हेड नाही, आवाजही नाही. कित्येकदा ती काल चालू असते आणि आज कॉम्प्युटरला दिसतच नाही. म्हणजे होती ती पालही गेली!

मला वाटतं, सत्तर वर्षांच्या या इतिहासात आपण यंत्राला बोलतं करायचा खूप प्रयत्न केला, आणि ते अर्धवटच बोलायला शिकलं. आपल्याकडे पोथ्या टिकल्या त्या कागद चांगला होता म्हणून नव्हे, तर कुणीतरी त्या पुन्हा उतरवून काढत राहिलं म्हणून. नकलाकाराने वाळवी लागायची वाट पाहिली नाही.

असो. लेख वाचणाऱ्या समस्त नातेवाईकांना विनंती: कुळवृत्तांताची प्रत सगळ्यांना पाठवली आहे. नुसतं "छान" म्हणून सोडून देऊ नका, दोन ठिकाणी उतरवून ठेवा. आणि त्या शाखेबद्दल कुणाच्या ट्रंकेत एखादा कागद असेल, तर मामांना फोन करा. लवकर.