परासिया-चांदामेटा : कंपनीने वसवलेली गावे

सौसर, मोहगाव, पांढुर्णा हा आमचा भाग संत्र्याचा आणि कपाशीचा. तरी इथल्या जुन्या मराठी घरांत विचारले तर कुणाचे ना कुणाचे आजोबा ‘कोलरीत’ होतेच. कोलरी म्हणजे घाट चढून छिंदवाड्यापलीकडे, पेंच आणि कन्हानच्या खोऱ्यात. परासिया, चांदामेटा, बडकुही, जुन्नारदेव ही नावे आम्ही लहानपणापासून पगाराच्या तारखेला जोडूनच ऐकली.

तिथे कोळसा आहे हे इंग्रजांना एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच कळले होते. अडचण वाहतुकीची होती. बैलगाडीचे भाडे कोळशाच्या किमतीला गिळून टाकी. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बंगाल-नागपूर रेल्वेची छोटी लाइन छिंदवाड्याला आली, तेव्हा खाणी निघाल्या. कलकत्त्याची शॉ वॉलेस ही या खोऱ्यातली बडी असामी. पेंच व्हॅली कोल कंपनीचा कारभार तिच्याच हाती होता. पुढे 1913 साली नागपूर-छिंदवाडा छोटी लाइन सौसरवरून गेली आणि आमच्याकडच्या लिहित्या-वाचत्या मुलांना खाणीच्या कचेरीची वाट सापडली.

जंगलात गाव उभे राहिले ते कंपनीच्या सोयीने. साहेबांचे बंगले वेगळे, बाबूंची क्वार्टर्स वेगळी, मजुरांच्या लाइनी त्याहून लांब. भोंगा वाजला की पाळी बदले आणि बाजारही त्यावरच चाले. कोळसा काढणारे हात मात्र मुख्यतः गोंडांचे आणि बाहेरून आणलेल्या मजुरांचे. बायकांना खाणीत उतरायला असलेली बंदी 1943 साली युद्धासाठी उठवली गेली आणि 1946 साली पुन्हा आली. गरज असेल तोवर नियम झोपतात!

या कोळशातून मुलखाला काय मिळाले? 1935 पासून स्थानिक बोर्डाने टनामागे 3 पै कर बसवला, तो वाढत 9 पै झाला. म्हणजे पाऊण आणा. एवढ्यासाठी कंपन्या छिंदवाड्याच्या जनपद सभेशी सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडल्या. वाढीला सरकारची आधी मंजुरी नव्हती, या मुद्द्यावर 1963 साली जिंकल्याही. कायद्याने ते बरोबर असेल. पण शाळा-रस्त्यांसाठीचा तो पाऊण आणा आम्हांला आजही खटकतो.

10 डिसेंबर 1954 चा दिवस तर विसरता येत नाही. परासियाजवळच्या न्यूटन चिखली खाणीत पाणी शिरले आणि 63 माणसे गेली. जुन्या घरांत ‘न्यूटन’ हा शब्द अजून आवाज खाली आणून उच्चारतात.

1956 च्या प्रांतरचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, आपण मध्य प्रदेशात राहिलो. कोलरीतल्या माणसाचे नागपूरशी नाते मात्र 1973 च्या राष्ट्रीयीकरणाने उलट पक्के झाले, कारण 1975 साली निघालेल्या वेस्टर्न कोलफील्ड्सचे मुख्यालय नागपूरला आले. पगार वाढले, नोकरी कायम झाली. गावाची खरी भरभराट आम्हांला याच काळातली वाटते, साहेबांच्या काळातली नव्हे.

उतरण हळूहळू आली. वरचे थर संपत गेले, खोलवरचा कोळसा महाग पडू लागला. रेल्वेची वाफेची इंजिने गेली. उघड्या खाणीत यंत्रे जेवढे स्वस्तात काढतात, तेवढे जमिनीखाली माणसांना जमत नाही. नवी भरती आटली. एकेक खाण बंद होई, तिथले कामगार दुसरीकडे बदलून जात आणि लाइनी रिकाम्या पडत. निवृत्तांपुढे प्रश्न उभा राहिला तो घराचा. तीस-पस्तीस वर्षे जिथे संसार केला ते क्वार्टर कंपनीचे! कुणी छिंदवाड्यात प्लॉट घेतला, कुणी सौसरला परतले, मुले नागपूर-पुण्याला गेली.

2015 च्या अखेरीस छोटी लाइनही बंद झाली. आता तिच्या जागी मोठी आहे. ज्यांच्या घरी कोलरीतले हजेरीचे बिल्ले, पगाराच्या चिठ्ठ्या, तिथल्या गणपतीचे फोटो असतील, त्यांनी ते विसर्जनापूर्वी मंडपात आणून दाखवावेत. टेबल मांडून ठेवले आहे.